हातात चेंडू, नाव फुटबॉल

माझ्या मामेभावाची मुलगी मिशिगन विद्यापीठात शिकते. सप्टेंबर लागला की दर रविवारी सकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा व्हिडिओ येऊन पडतो. पिवळ्या-निळ्या टी-शर्टांतली लाखभर माणसं, बँड, आरडाओरडा आणि मध्ये हिरव्या मैदानावर हेल्मेट घातलेले बावीस जण एकमेकांवर आदळताहेत. मावशीचा शेरा ठरलेला, ‘हे कॉलेज आहे की निवडणुकीची सभा?’ आणि काकांची शंका त्याहून जुनी, ‘फुटबॉल म्हणता आणि चेंडू काखेत मारून पळता? पाय कुठे लागतो त्याला?’

त्यात जून २०२५ मध्ये बातमी आली. अमेरिकेतल्या न्यायालयाने एका तडजोडीला मान्यता दिली आणि कॉलेजांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. ग्रुपवर लगेच, ‘शिकायला जातात की नोकरीला?’

मावशीचा आणि काकांचा, दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीतून सुटतात. हा खेळ कुणी बसून रचलेला नाही. कॉलेजच्या पोरांनी एक नियम केला, दुसऱ्या पोरांनी त्यात पळवाट काढली, ती बुजवायला पुढचा नियम आला आणि त्यातही कुणीतरी भोक पाडलं. अशी पन्नासेक वर्षं चालली. गोधडीसारखा ठिगळाठिगळांनी वाढलेला खेळ आहे हा. ठिगळं कुठे आणि का लागली ते कळलं, की खेळ कळतो.

सुरुवात गल्लीतली

आपल्याकडे प्रत्येक वाडीत क्रिकेटचे नियम वेगळे असतात. एकीकडे ‘वन टप्पा वन हँड आउट’, दुसरीकडे जोश्यांच्या गच्चीवर चेंडू गेला की आउट आणि आणायचाही त्यानेच. दुसऱ्या वाडीशी मॅच घ्यायची तर आधी अर्धा तास वाद. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये फुटबॉलची नेमकी हीच गत होती.

६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक गावात रटगर्स आणि प्रिन्स्टन ही शेजारची कॉलेजं भिडली. हा अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना मानतात. प्रत्येक बाजूला २५ खेळाडू. चेंडू गोल. तो उचलून पळायचं नाही, फेकायचा नाही; लाथेने, डोक्याने किंवा हाताच्या फटक्याने पुढे ढकलायचा. गणवेश नव्हता, म्हणून रटगर्सच्या पोरांनी ओळखू यावं यासाठी डोक्याला लाल कापडं गुंडाळली. फेटेच म्हणा. शंभरेक प्रेक्षक होते, त्यातले काही कुंपणावर चढून बसलेले. चेंडूमागे धावता धावता प्रिन्स्टनचा ‘बिग माइक’ म्हणून ओळखला जाणारा धिप्पाड गडी आणि रटगर्सचा एक जण असे दोघे थेट कुंपणावर जाऊन आदळले. कुंपण आडवं, प्रेक्षकही आडवे.

रटगर्सने ६-४ असा सामना जिंकला. आठवड्याने प्रिन्स्टनच्या मैदानावर प्रिन्स्टनच्या नियमांनी सामना झाला, तो प्रिन्स्टनने ८-० असा जिंकला. ज्याची वाडी त्याचे नियम! तिसरा सामना प्राध्यापकांनी होऊच दिला नाही, कारण पोरांचं अभ्यासात लक्ष राहीना. मावशीचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

न्यू ब्रन्सविक म्हणजे एडिसनच्या अगदी लगतचं गाव. एडिसन-परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींनी त्या जागेवरून कितीदा तरी गाडी नेली असेल. आज तिथे रटगर्सची व्यायामशाळा आहे आणि तिच्या मागे गाड्यांचा तळ.

म्हणजे पहिल्या सामन्यात पाय भरपूर होता. काकांना तो खेळ लगेच ओळखता आला असता.

मग चेंडू हातात कसा आला?

हार्वर्डमुळे. १८७३ मध्ये येल, प्रिन्स्टन, रटगर्स आणि कोलंबिया यांचे विद्यार्थी न्यू यॉर्कमधल्या एका हॉटेलात सामायिक नियम ठरवायला जमले. हार्वर्डने यायला नकार दिला. त्यांच्याकडे ‘बॉस्टन गेम’ नावाचा घरचा प्रकार होता आणि त्यात चेंडू उचलून पळायची मुभा होती. ती सोडायला ते तयार नव्हते.

आता हार्वर्डला खेळायला कुणी उरलं नाही. तेव्हा कॅनडातल्या माँट्रियलहून मॅकगिल विद्यापीठाचा संघ आला. १४ मे १८७४ ला हार्वर्डच्या नियमांनी सामना झाला, हार्वर्ड जिंकलं. १५ मे ला मॅकगिलच्या नियमांनी, म्हणजे हातात घेऊन पळायच्या रग्बीच्या, लांबट चेंडू घेऊन. तो ०-० असा सुटला. पण हार्वर्डच्या पोरांना हा दुसरा खेळ इतका आवडला की त्यांनी आपला लाडका घरचा प्रकार सोडून दिला. तत्त्वासाठी चार कॉलेजांशी फारकत घेतलेली मंडळी एका दुपारीत पाहुण्यांच्या खेळावर भाळली.

पुढच्या वर्षी हार्वर्डने येलला थोड्या तडजोडीच्या नियमांवर राजी केलं आणि ४-० ने हरवलं. येललाही चटक लागली. नोव्हेंबर १८७६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला बैठक होऊन रग्बीवर बेतलेले सामायिक नियम आले. चेंडू हातात आला तो असा.

म्हणजे हे रग्बीच ना, वेगळ्या नावाने?

शंका रास्त आहे. १८७६ पुरतं उत्तर ‘जवळजवळ हो’ असंच आहे. खेळ वेगळा झाला तो पुढच्या सहा वर्षांत आणि त्यात एका माणसाचा हात मोठा. वॉल्टर कँप, येलचा खेळाडू. पुढे तो घड्याळांच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि चढत चढत कंपनीचा अध्यक्ष झाला. खेळातही त्याला घड्याळाचीच शिस्त हवी होती.

रग्बीत चेंडू घोळक्याच्या मध्ये टाकतात, दोन्ही बाजू रेटतात आणि तो कुणाकडे येईल ते सांगता येत नाही. कँपला हे पटत नसे. १८८० मध्ये त्याने दोन बदल करून घेतले. संघात १५ ऐवजी ११ खेळाडू आणि चेंडू नक्की एकाच संघाच्या ताब्यात. दोन्ही संघ एका काल्पनिक रेषेच्या अलीकडे-पलीकडे समोरासमोर उभे राहणार, ताबा असलेला संघ चेंडू मागे देणार आणि मग डाव सुरू होणार. या रेषेला ‘स्क्रिमेज लाइन’ म्हणतात. आपल्या कबड्डीतली मध्यरेषा डोळ्यांसमोर आणा; फरक इतकाच की ही रेषा चेंडूबरोबर पुढेमागे सरकते.

गोंधळ संपला, पण मोठं भगदाड राहिलं. ताबा दिला खरा, तो सोडायचा कधी हे कुणी सांगितलंच नव्हतं.

१८८१ मध्ये प्रिन्स्टन आणि येल यांच्यात सामना झाला. प्रिन्स्टनने अख्खा पूर्वार्ध चेंडू आपल्याकडे दाबून ठेवला. पुढे जायचा प्रयत्न नाही, नुसतं चेंडू घ्यायचा आणि जमिनीवर बसायचं. येलने उत्तरार्धात तेच केलं. निकाल ०-०, प्रेक्षक संतापलेले, आणि नियम मोडला म्हणून बोट दाखवावं असं कुणीच नाही.

कबड्डी बघणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. चढाईपटू येतो, मध्यरेषेजवळ पाय नाचवतो आणि गुण न घेता परत जातो. आघाडीवर असलेल्या संघाला तेवढंच पुरतं. त्यावर प्रो कबड्डीने तोडगा काढला ‘तिसऱ्या चढाई’चा. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद.

कँपने १८८२ मध्ये हेच केलं. तीन प्रयत्नांत निदान ५ यार्ड, म्हणजे साधारण साडेचार मीटर, पुढे जा. नाही गेलात तर चेंडू समोरच्याला द्या. या एकेका प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. आज चार डाउनमध्ये १० यार्ड लागतात, पण कल्पना तीच. गंमत अशी की त्या पहिल्या नियमात १० यार्ड मागे गेलात तरीही चेंडू तुमच्याकडेच राहायचा. ठिगळालाही भोक होतंच.

अंतर मोजायचं तर मैदानावर दर ५ यार्डांवर चुन्याच्या रेषा हव्यात. त्या आखल्यावर मैदान भाजायच्या जाळीसारखं दिसू लागलं, म्हणून त्याला ‘ग्रिडआयर्न’ म्हणू लागले. टीव्हीवर हा खेळ पाहताना जे सतत थांबणं, मोजणं, पुन्हा उभं राहणं दिसतं आणि आपल्याला कंटाळवाणं वाटतं, त्याचं मूळ १८८१ च्या त्या रटाळ सामन्यात आहे. रग्बीपासून हा खेळ खऱ्या अर्थाने इथे तुटला.

पाय गेला, मग नाव का नाही गेलं?

पाय एका दिवसात गेला नाही. गुणांचे आकडे बघा, सगळं कळतं.

विरोधी संघाच्या टोकाच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की ‘टचडाउन’. शब्दाचा अर्थ चेंडू जमिनीला टेकवणं. सुरुवातीला त्याला स्वतःची फार किंमत नव्हती. त्यामुळे गोलवर लाथ मारायची संधी मिळे आणि खरा मान त्या लाथेला. १८८३ मध्ये गुण ठरले तेव्हा टचडाउनला २, त्यानंतरच्या लाथेला ४ आणि चालू खेळातून मारलेल्या गोलला ५ होते. म्हणजे पळणाऱ्याला लाथ मारणाऱ्याच्या फार तर निम्मे. मग पारडं फिरत गेलं. टचडाउन ४ वर गेलं, १८९८ मध्ये ५ आणि १९१२ मध्ये ६. गोल उतरत उतरत १९०९ मध्ये ३ वर आला. आजही हेच आकडे आहेत.

नाव पडलं तेव्हा पाय मालक होता. मालक बदलला, पाटी राहिली. आपल्याकडे तांब्याला ‘तांब्या’ म्हणतात आणि तो स्टीलचा असतो, तसंच हे.

आणि मग पोरं मरायला लागली

इथून गोष्ट गंभीर होते.

१८८८ मध्ये कमरेखाली, गुडघ्यापर्यंत पकड करायची परवानगी मिळाली. मोकळ्यावर धावणारा गडी आता सहज आडवा होऊ लागला. त्यामुळे संघांनी पसरून खेळणं सोडलं आणि चेंडूवाल्याभोवती घोळका करून रेटायला सुरुवात केली. रग्बीत चेंडूच्या पुढे राहून सहकाऱ्याला वाट करून देता येत नाही. इथे ती बंधनं केव्हाच ढिली झाली होती.

या घोळक्याला शास्त्र दिलं लॉरिन डिलँड नावाच्या माणसाने. तो स्वतः फुटबॉल खेळलेला नव्हता. बुद्धिबळाचा शौकीन आणि नेपोलियनच्या लढायांचा अभ्यासक. शत्रूच्या फळीत एकाच जागी सगळं बळ एकवटायचं, हे तत्त्व त्याने मैदानावर आणलं. १९ नोव्हेंबर १८९२, हार्वर्ड विरुद्ध येल, उत्तरार्धाची सुरुवात. नियमाप्रमाणे चेंडूला लाथ मारून खेळ सुरू करायचा, पण किती जोरात ते लिहिलेलं नव्हतं. हार्वर्डच्या खेळाडूने चेंडूला नुसता पाय लावला आणि उचलून घेतला. त्याच क्षणी दोन्ही बाजूंनी आधीच धावत सुटलेले सहकारी त्याच्या पुढे येऊन मिळाले आणि इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची पाचर तयार झाली. पाचरीचं टोक येलच्या एकाच खेळाडूवर. हा ‘फ्लाइंग वेज’, म्हणजे धावती पाचर. सामना शेवटी येलनेच ६-० असा जिंकला, पण पुढच्या हंगामात जो तो पाचरी ठोकू लागला. १८९४ मध्ये तिच्यावर बंदी आली. घोळक्याचे बाकीचे प्रकार चालूच राहिले.

हेल्मेट जवळजवळ कुणी घालत नसे. डोक्याला थोडं संरक्षण म्हणून खेळाडू केस वाढवत, आणि तेवढ्याला ते पुरेसं समजत. कॉलेज-खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं झालं ते थेट १९३९ मध्ये.

१९०५ च्या हंगामात ‘शिकागो ट्रिब्यून’च्या मोजणीप्रमाणे १८ जण फुटबॉल खेळताना मेले. बहुतेक शाळकरी मुलं, कॉलेजच्या मोठ्या पोरांचं बघून खेळणारी. कोलंबियाने खेळ बंद केला. कॅलिफोर्नियातली दोन मोठी विद्यापीठं रग्बीकडे वळली. दहीहंडीच्या थरांवरून आपल्याकडे जो वाद होतो, मर्यादा घाला म्हणणारे एका बाजूला आणि ‘मग त्यात मर्दानी काय उरलं’ म्हणणारे दुसऱ्या, तो वाद त्या वर्षी अमेरिकाभर पेटला होता.

रूझवेल्टने खेळ वाचवला, हे खरं का?

अर्धं खरं. ९ ऑक्टोबर १९०५ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसवर बोलावलं. त्यांचा थोरला मुलगा त्याच वर्षी हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांच्या संघात खेळत होता. खेळ बंद व्हावा असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. तो सरळपणे खेळा, एवढंच सांगणं. मंडळींनी माना डोलावल्या, पत्रक काढलं आणि हंगाम होता तसाच पुढे चालला.

खरा धक्का २५ नोव्हेंबरला बसला. न्यू यॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना युनियन कॉलेजचा हॅरल्ड मूर डोक्याला मार लागून गेला. न्यू यॉर्क विद्यापीठाचे प्रमुख हेन्री मॅकक्रॅकन यांनी इतर कॉलेजांना बोलावलं. डिसेंबरअखेरच्या बैठकीला ६२ संस्था आल्या. त्यातून जी संघटना उभी राहिली, तिलाच १९१० पासून एनसीएए म्हणतात. अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांवर आजवर हुकूम चालवणारी हीच ती संस्था. २०२५ च्या बातमीतला प्रतिवादीही हीच.

घोळका फोडायचा कसा? कँपचं म्हणणं होतं, मैदान रुंद करा, म्हणजे खेळाडू आपोआप पसरतील. सोपा उपाय, पण आडवं आलं काँक्रीट. हार्वर्डने १९०३ मध्येच पक्कं स्टेडियम बांधलं होतं आणि त्यात मैदान रुंदवायला जागाच नव्हती. तेव्हा दुसरा मार्ग निघाला. चेंडू हाताने पुढे फेकायची परवानगी, म्हणजे ‘फॉरवर्ड पास’. आज ज्या एका गोष्टीसाठी लोक हा खेळ पाहतात, ती नियमांत यायला सिमेंटचे पायऱ्या-पायऱ्यांचे सज्जे कारणीभूत झाले. मला या सगळ्या इतिहासात हा तुकडा सर्वांत आवडतो.

५ सप्टेंबर १९०६ ला सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास टाकला. तो कुणाच्याच हाती लागला नाही आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू सरळ समोरच्या संघाला गेला. त्याच सामन्यात नंतर एक पास जुळला आणि टचडाउन झालं. मोठ्या कॉलेजांनी मात्र नाक मुरडलं. पास म्हणजे दुबळ्यांची युक्ती.

ती युक्ती आपलीशी केली कार्लाइल इंडियन स्कूलने. पेनसिल्वेनियातली ही शाळा मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून, त्यांचे केस कापून, त्यांची भाषा बंद करून ‘सुधारायला’ काढलेली होती. त्या मुलांनी फुटबॉल असा आत्मसात केला की सुधारणारेच चकित झाले. अंगापिंडाने लहान असल्याने त्यांनी वेग, हुलकावणी आणि पास यांवर भर दिला. १९११ मध्ये हार्वर्डला १८-१५, आणि नोव्हेंबर १९१२ मध्ये वेस्ट पॉइंटला जाऊन लष्करी अकादमीला २७-६. ज्या सैन्याशी त्यांच्या आजोबा-पणजोबांनी लढाया केल्या, त्याच सैन्याच्या होऊ घातलेल्या अधिकाऱ्यांना. कार्लाइलकडून खेळत होता जिम थॉर्प, त्याच वर्षी ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं मिळवलेला. समोरच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर, पुढचा राष्ट्राध्यक्ष.

मृत्यू मात्र १९०६ च्या नियमांनी थांबले नाहीत. १९०९ चा हंगाम पुन्हा वाईट गेला. चेंडूवाल्याला मागून ढकलणं आणि हातात हात गुंफून रेटणं १९१० मध्ये बंद केलं, तेव्हा कुठे घोळका फुटला.

पूर्वी तरी पोरं हौसेने खेळायची ना?

‘आता पैसा आला आणि खेळ बिघडला’ हे ग्रुपवरचं सर्वांत लाडकं वाक्य. पण पैसा आधीपासून होता. हार्वर्ड-मॅकगिल सामन्यालाच ५० सेंट तिकीट होतं. १८९० च्या दशकात थँक्सगिव्हिंगच्या सणाला न्यू यॉर्कमध्ये येल-प्रिन्स्टन सामना बघायला हजारोंनी लोक लोटत. त्या तिकिटांचे पैसे कॉलेजांकडे जात आणि खेळाडू मात्र ‘हौशी’ राहावा अशी अपेक्षा.

कागदावर तो राहायचाही. येलचा १९०४ चा कर्णधार जेम्स होगन याची सोय बघा. वसतिगृहात ऐसपैस खोल्या, जेवण क्लबात, हंगाम संपल्यावर क्यूबाची सहल, शिवाय न्यू हेवनमध्ये विकल्या जाणाऱ्या एका कंपनीच्या सिगारेटींवर दलाली. पगार असा एक पैसा नाही. जाहिरातीतून खेळाडूने कमवावं की नाही यावर अमेरिकेत गेली काही वर्षं वाद झाला, पण होगनने तो सव्वाशे वर्षांपूर्वीच आपल्यापुरता सोडवला होता.

आणि एका संघातून दुसऱ्यात उडी मारणं? १८९६ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठाचा संघ लागोपाठ ३६ सामने जिंकून बसला होता. त्यांना हरवायचं म्हणून लाफायेट कॉलेजने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातला कायद्याचा एक तगडा विद्यार्थी ऐन सामन्याच्या आधी आपल्या कॉलेजात ‘दाखल’ करून घेतला. लाफायेटने सामना ६-४ असा जिंकला. विद्यार्थी लगोलग वेस्ट व्हर्जिनियाला परतला आणि पुढच्या वर्षी तिथूनच त्याने पदवी घेतली.

त्याचं नाव फील्डिंग योस्ट. पुढे तो मिशिगनला प्रशिक्षक म्हणून गेला. १ जानेवारी १९०२ ला त्याच्या संघाने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं, इतकं की आठ मिनिटं शिल्लक असताना स्टॅनफर्डनेच खेळ आवरता घ्यायची विनंती केली. नंतर तो मिशिगनच्या सगळ्या खेळांचा प्रमुख झाला आणि १९२७ मध्ये त्याने तिथे एक स्टेडियम उभारून घेतलं. आज त्यात १,०७,६०१ माणसं बसतात, आणि दर रविवारी सकाळी आमच्या ग्रुपवर जो व्हिडिओ येतो तो तिथलाच असतो.